पोटातल्या वाऱ्याचं भाडं

मी कापड कापायचं टेबल बोलतोय. रागावून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून तक्रार नको.

माझा जन्म एका कापडाच्या दुकानासाठी झाला. मालकांनी लाकूड स्वतः निवडलं आणि सुताराच्या डोक्यावर बसून मला करून घेतलं. माझ्यावर ठाणं उलगडली, गिऱ्हाइकांनी कोपर टेकून घासाघीस केली, आणि माझ्याखाली मालकांची पोरगी चिंध्या गोळा करत मोठी झाली. त्यामुळे शिकलेला नसलो तरी मी ऐकलंय भरपूर.

एकदा एक विक्रेता मोज्यांची खोकी घेऊन आला. खोकी ऐटदार, हातभर उंच. मालकांनी एक उघडलं, मोजे बाहेर काढले, आत हात फिरवला आणि हसून विचारलं, "मोजे कळले. बाकीचं काय विकता, वारा?" मग त्याला चहा पाजला, पण भाव पाडूनच. माझ्याखाली पोरगी तोंडावर हात धरून हसत होती.

मालक गेले, दुकान मिटलं, आणि पोरगी मला आपल्या संसारात घेऊन आली. ती शाळेचे गणवेश शिवते. त्या घरात दिवाणखान्याच्या खिडकीपाशी, भर उजेडात माझी जागा. घरातला निम्मा किराणा माझ्या पाठीवरून येत होता, पण त्याची वाच्यता कुणी करत नसे.

मग तिच्या नवऱ्याची बदली झाली. एका समुद्रकाठच्या शहरातून दुसऱ्या समुद्रकाठच्या शहरात. सामान हलवायला कंपनीने ठोक रक्कम दिली. उरलं तर तुमचं. झालं. त्या 'उरलं तर'ने माणसाची झोप उडवली. रोज संध्याकाळी तो माझ्यावर कागद पसरायचा. ट्रकचं भाडं, हमाली, नव्या घराची अनामत, दलालाचे, वाटेतलं जेवण. हिशेब नीटनेटका होता, खोटं कशाला बोलू? पण एका संध्याकाळी त्याने लिहिलं, 'टेबल – विकणे'. पेन इतकं दाबलं की अक्षरं माझ्यात उमटली. माझ्याच पाठीवर बसून माझाच काटा काढला.

"अगं, तिथली हवा खारी आहे," तो बायकोला म्हणाला. "जुनं लाकूड टिकायचं नाही."

"इथली काय साखरेची आहे?"

"तसं नव्हे. भाडं जागेवर ठरतं. हे धूड ट्रकचा कोपरा खाईल. तिथं घडीचं घेऊ की एखादं."

"घडीच्या टेबलावर गठ्ठाभर कापड टाकून कात्री चालवून दाखवा, मग घ्या. आणि तुमचं ते पळायचं यंत्र?"

"ते तब्येतीचं आहे."

तब्येतीचं म्हणे. त्या यंत्रावर आजवर टॉवेल वाळले. पळालं कुणी नाही. त्याला जागा होती. मला नव्हती.

सामान बघायला ट्रकवाल्यांचा माणूस आला. टेप लावून त्याने माझी लांबी, रुंदी, उंची घेतली, गुणाकार केला आणि आकडा सांगितला. नवऱ्याने बायकोकडे 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' अशा नजरेनं पाहिलं. ती मात्र वाकली, माझ्याखाली हात घातला आणि हलवून दाखवला.

"दादा, हे काय आहे?"

"ती मोकळी जागा, ताई."

"म्हणजे टेबलाच्या पोटातल्या वाऱ्याचं भाडं मी भरायचं, आणि त्याच वाऱ्यात खोकी कोंबून तुम्ही त्यांचं भाडं पुन्हा घ्यायचं?"

माणसाने मान खाजवली. "दुकान होतं का हो तुमचं?"

"वडिलांचं."

"मग काय बोलणार? पाय काढून ठेवा. फळी गादीला चिकटून जाईल, भाडं नावापुरतं."

पाय काढायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं. बोल्ट रुमालात बांधले. "माझ्याकडे राहू दे," म्हणाला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

नव्या घरात बोल्ट सापडेनात. ते जुन्या मापाचे. बाजारातला एकही माझ्या भोकात बसेना. "मिळतील गं, खोकी तर उघडू दे," एवढं म्हणून तो मोकळा. यंत्र मात्र पहिल्याच दिवशी दिवाणखान्यात, खिडकीसमोर उभं राहिलं. "पाय बसले की टेबल गॅलरीत टाकू," त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. मला दाराआड भिंतीकडे तोंड करून टेकवलं. शाळा उघडायच्या तोंडावर आलेल्या; पोरगी जमिनीवर गुडघे टेकून कापायची आणि उठताना भिंत धरायची. मी भिंतीकडे बघत होतो, पण कान शाबूत होते. तिचं कण्हणं ऐकून माझ्या लाकडाचा भुगा व्हायचा बाकी राहिला.

एका सकाळी, तो कामावर गेल्यावर, तिने मला ओढत खिडकीशी नेलं. एक कड खिडकीच्या कट्ट्यावर, दुसरी त्या यंत्राच्या दांड्यांवर. रद्दीचा गठ्ठा सरकवून पातळी साधली. अंगावर ऊन आलं, कात्री चालू लागली.

संध्याकाळी तो दारातच थबकला. "हे काय?"

"टेबल."

"मग मी पळू कुठे?"

"किनारा आहे की एवढा लांबलचक. भाडंही नाही."

तेव्हापासून तो बोल्ट मनापासून शोधतोय. सगळी खोकी स्वतः उघडली, पलंगाखाली आडवा झाला, ट्रकवाल्यांना फोन करून भांडला. माझा राग गेला का? नाही. 'विकणे' हा शब्द अजून माझ्या पाठीवर आहे, आणि त्यावरून रोज कात्री जाते.

तो रुमाल त्याच्याच जाकिटाच्या खिशात होता. धुवायला काढताना तो आधीच पोरीच्या हाती लागला होता. तिने बोल्ट बटणांच्या डब्यात तळाशी खळखळ ओतले आणि झाकण दाबून बसवलं; भिंतीकडे तोंड करून मी सगळं ऐकलं. दुसऱ्याच सकाळी मी खिडकीत आलो.

तुम्ही कधी त्या घरी गेलात आणि त्याने विचारलंच, तर एवढी मेहेरबानी करा. बटणांच्या डब्याकडे बघू नका.