सायलेन्सर नंबर दोन

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, गॅरेजच्या मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याने उजवा हात वर केला आणि म्हटलं, "हाच."

त्याच्या पाठीमागे बारा पावलांवर मोटरसायकल स्टँडवर चालू होती. एकच सिलिंडर, पाचशे सीसी, वय म्हाताऱ्याच्या लग्नापेक्षा जास्त. तिच्यावर तेव्हा नंबर दोनचा सायलेन्सर होता. मुलीने वहीत लिहिलं: फेरी दुसरी, नंबर दोन, हाच.

अकरा पस्तीसला, पाचव्या फेरीत, तोच नंबर दोन पुन्हा बसवला गेला. माणूस तोच, खुर्ची तीच.

"छे," म्हातारा म्हणाला. "हा नव्हे. हा म्हणजे नुसती गिरणी."

मुलीने तेही लिहिलं. लिहिताना तिने काही बोलायचं नव्हतं, तो तिचाच नियम होता.

म्हातारा म्हणजे तिचे वडील. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर ऑपरेटर. कोणत्या पंपाचं बेअरिंग जाणार हे ते आठवडाभर आधी सांगत. वरिष्ठ हसत आणि आठवड्याने बेअरिंग मागवत. ही गाडी त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी विकली होती. मुलीने ती मागच्या वर्षी एका फरशीवाल्याच्या गोदामातून शोधून काढली. तिच्यावर पोती रचलेली होती आणि सायलेन्सरच्या जागी पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा होता.

गाडी उभी करायचं काम सबुरीने घेतलं. त्याचं खरं नाव बिलावरही नसतं. कधी होणार विचारलं की तो "सबुरी" म्हणतो, म्हणून सबुरी. सात महिन्यांत त्याने इंजिन, चाकं, टाकी, वायरिंग सगळं जागेवर आणलं. अडलं ते सायलेन्सरपाशी. पार्टबुकात या मॉडेलला वर्षागणिक तीन वेगवेगळे सायलेन्सर दिलेले होते. गाडीच्या चेसिसवरचा नंबर एका वर्षाचा निघाला, इंजिनावरचा पुढच्या. घरात गाडीचा एकच फोटो होता. त्यात मागच्या सीटवर आई बसलेली होती, हत्यारांची पिशवी होती, चाकाची प्रत्येक तार मोजता येत होती. फोटो डावीकडून काढलेला होता. सायलेन्सर उजवीकडे असतो.

"फोटो काढणारा दोन पावलं तिकडे सरकला असता तर काय झिजला असता?" सबुरी म्हणाला होता.

"माझ्या भावाने काढलाय," आई म्हणाली होती. "तो कशासाठीच सरकत नाही."

एरवी सबुरीने तिघांतला एक लावून गाडी दिली असती आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मुलगी कानाच्या दवाखान्यात श्रवणतपासणी करते. वडिलांच्या कानांचा आलेख तिनेच काढला होता, वर्षभरात चार वेळा. वयाबरोबर बहुतेकांचे वरचे आवाज जातात, घंटी ऐकू येत नाही, बायकामुलांचं बोलणं तुटतं. वडिलांचं उलटं चाललं होतं. त्यांचे खालचे आवाज चालले होते, ढोलाचे, ट्रकच्या इंजिनाचे. दर तीन महिन्यांनी रेघ थोडी उतरत होती. डॉक्टरांनी औषध नाही म्हणून सांगितलं होतं, आणि किती दिवस हे सांगितलं नव्हतं. एका सिलिंडरची फायरिंग म्हणजे खालचाच आवाज.

"दिसायला काहीही लावा," वडिलांनी सबुरीला सांगितलं होतं. "मला ती पूर्वीसारखी एकदा ऐकायची आहे. ऐकता येतंय तोवर."

स्पेअर पार्टवाल्याने तिन्ही सायलेन्सर पसंतीसाठी दिले. ओरखडा नको, आणि नको असलेले दोन सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत परत. नंबर एक लांब आणि सरळ, सिगारसारखा. नंबर दोनचं शेपूट माशासारखं चपटं. नंबर तीन आखूड आणि पोटाला फुगलेला.

परीक्षेची रीत मुलीने दवाखान्यातून आणली. वडिलांनी पाठ करून बसायचं. सहा चिठ्ठ्या, प्रत्येक सायलेन्सर दोनदा. प्रत्येक वेळी तीस सेकंद. उत्तर हो किंवा नाही, आणि कुणीही मान डोलवायची नाही. चिठ्ठ्या निघाल्या तीन, दोन, एक, एक, दोन, तीन.

"एकनंतर परत एक," सबुरी म्हणाला. "म्हणजे हा राहू दे ना ताई, लावलेलाच आहे."

"काढायचा आणि परत बसवायचा."

"तोच?"

"तोच. नाहीतर पान्याचा आवाज आला नाही यावरून त्यांना कळेल."

"तापलेला पाइप आहे. मी माणूस आहे."

"हातमोजे घाला."

"हातमोजे घालून नट दिसतो का कधी?" सबुरी म्हणाला, पण काढला आणि तोच परत बसवला. भिंतीकडे तोंड करून वडील म्हणाले, "पोरीने माझ्या कानांवर पहारा बसवलाय, सबुरी. तू कशाला मध्ये पडतोस?"

सहा फेऱ्या बाराला पाच कमी असताना संपल्या. पाच वेळा नाही, एकदा हो. आणि ज्याला हो, त्यालाच पुढे नाही.

सबुरीचं मत तयार होतं. "काका दमले. सकाळपासून आमचं नाक धूर खातंय, त्यांचे कान आवाज खातायत."

"दमलो असेन," वडील म्हणाले, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पंपहाऊसवर दमून उत्तर बदलण्याची सोय नव्हती.

मुलीचं शिक्षण वेगळं सांगत होतं. एकाच आवाजाला माणसाने दोन उत्तरं दिली तर आधी यंत्रावर संशय घ्यायचा, माणसावर नंतर. तिने प्रत्येक फेरी फोनवर रेकॉर्ड केलेली होती. गॅरेजच्या पायरीवर बसून तिने रेकॉर्डिंग चौपट संथ केलं आणि बोटांवर ठोके मोजले. पाचव्या फेरीत दहा सेकंदांत शहात्तर. पहिलीत चौऱ्याहत्तर, तिसरीत पंच्याहत्तर. दुसऱ्या फेरीत, जिला वडील हाच म्हणाले होते, अठ्ठेचाळीस.

तिने पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीस.

"दुसऱ्या वेळी तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? किक मारली."

"कार्बोरेटर?"

"त्याला मी हात लावलेला नाही. शपथ."

"मग पहिल्यापासून करून दाखवा. जसं करता तसंच."

सबुरीने तोंड वाकडं केलं, पण दाखवलं. पेट्रोलचा कॉक उघडला. डाव्या मुठीजवळची बोटभर लांबीची लिव्हर अंगठ्याने मागे घेतली. ही लिव्हर ठिणगी लवकर पाडायची की उशिरा ते ठरवते; उशिरा पडली की ठोके संथ होतात. उशिरा पाडली नाही तर किक उलटी येते आणि घोटा मोडते, हे जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. किक. इंजिन लागलं, आणि लागता क्षणी त्याचा अंगठा लिव्हर पुढे सारायला निघाला आणि अर्ध्यात थांबला. अंगठ्यावर पाण्याने भरलेला फोड होता.

"दुसऱ्या वेळी बदलताना क्लॅम्पला चिकटला," तो सावकाश म्हणाला. "किक मारली आणि अंगठा तोंडात घातला."

"म्हणजे लिव्हर?"

"मागेच राहिली असणार." तो लिव्हरकडे अशा नजरेने बघत होता, जणू ती कुणी आत्ताच बसवली आहे. "ताई, मी ती पुढे ढकलतो हे मलाच माहीत नव्हतं."

वडील खुर्ची फिरवून बसले होते. "मागेच असायची," ते म्हणाले. "घराच्या वळणावर आलो की मी मागे घ्यायचो. गाडी दबकी चालायची."

"मग आधी का नाही सांगितलंत?" मुलगी म्हणाली. "तीन महिने आपण सायलेन्सर सायलेन्सर करतोय!"

"तू विचारलंस, कोणता सायलेन्सर. लिव्हर कुठे असायची हे कुणी विचारलं?" मग थोड्या वेळाने, "आणि विचारलं असतंस तरी आठवलं नसतं. हात करायचा ते."

"का घ्यायचात पण मागे?"

"तू झोपलेली असायचीस. चार वर्षांची होतीस."

गॅरेजचा एक प्रश्न तिथे सुटला होता आणि परीक्षा पहिल्यापासून घ्यायला हवी होती. मात्र सबुरीने अट घातली. ठिणगी उशिरा पडली की जाळ पाइपात उतरतो, उभ्या गाडीचा पाइप निळा पडतो. एका वेळी एक मिनिट, मग पाऊण तास विश्रांती. त्यामुळे दुपारी तीनच फेऱ्या झाल्या. अडीचला नंबर एक. सव्वातीनला नंबर तीन. चारला नंबर दोन. लिव्हर तिन्ही वेळा मागे, मोजून ठोके सत्तेचाळीस ते एकोणपन्नास.

वडील तिन्ही वेळा म्हणाले, "हाच."

तिसऱ्या वेळी ते उठून उभे राहिले. डोळे पुसत नव्हते, हसत होते. "लिव्हरच होती रे! सायलेन्सर कुठलाही चालेल. सबुरी, तुला आवडतो तो लाव. आणि पोरी, मंगळवारची ती तपासणी रद्द कर. रेघ बघून काय करायचंय? ऐकू आलं मला."

सबुरीने हात पुसले. मुलगी वही बंद करत नव्हती.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं. "तिन्ही सारखेच वाजले की नाही?"

आपल्याच नियमाप्रमाणे तिने गप्प बसायला हवं होतं. पण फेरी संपलेली होती.

"मला वेगळे वाटले, बाबा."

"किती?"

"बरेच."

वडिलांनी सबुरीकडे पाहिलं. सबुरी कपड्याच्या कोऱ्या टोकाने तोच पाना दुसऱ्यांदा पुसत होता. "थोडेफार," तो म्हणाला.

वडील परत खुर्चीत बसले, या वेळी गाडीकडे तोंड करून. "बरं," ते म्हणाले. "मंगळवारची वेळ राहू दे."

साडेचारला त्यांना न्यायला आई आली. घडलेलं तिने उभ्यानेच ऐकून घेतलं.

"तू झोपलेली असायचीस म्हणे," ती मुलीला म्हणाली. "शेजारच्या बाई दाराशी येऊन बोलून जायच्या म्हणून दबकत यायचे. तुझ्या झोपेची कुणाला एवढी पडली होती? ढोल वाजवले तरी उठायची नाहीस."

"अगं, दोन्ही असेल," वडील म्हणाले.

"आणि यांना कशाला विचारता फायरिंग कशी होती? हे तर वर बसलेले असायचे, वारा कानात. ऐकायची मी. रोज. वर्षानुवर्षं. माझे कान काय गहाण पडलेत?"

मुलीने खुर्ची पुढे केली. आईने ती नाकारली.

"अशी अंगणात बसून नाही ऐकली कधी. मी आत असायची. दार लोटलेलं, नळ चालू."

गॅरेजच्या मागे हात धुवायची खोली आहे. आई आत गेली, दार लोटलं, नळ सोडला. गाडीवर पुन्हा नंबर तीन चढला, लिव्हर मागे. मिनिटभराने दार उघडलं.

"नाही."

"नक्की, काकू?" सबुरी म्हणाला.

"फळीवर काचेचे पेले असायचे. ते आधी थरथरायचे, मग आवाज कळायचा. मी पेल्यांवरून चहा टाकायची."

वडिलांना हे माहीत नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

सबुरीने स्वतःच्या कपाटातून दोन पेले आणले, एक टवका उडालेला, आणि हात धुवायच्या खोलीतल्या पत्र्याच्या फळीवर एकमेकांना चिकटवून ठेवले. पाच चाळीसला नंबर दोन लावला. मुलगी दारापाशी उभी होती. नळाच्या आवाजातून तिला काचेची बारीक किणकिण ऐकू आली, आणि मग थांबली, आणि मग पुन्हा आली. पेल्यांमुळे की फळीच्या सैल खिळ्यामुळे, हे तिला ठरवता आलं नाही.

दार उघडून आई म्हणाली, "परत लाव."

तोवर सबुरीने गाडी बंद केली होती. इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपावर बोटभर निळा पट्टा उमटलेला होता. आज आता नाही, तो म्हणाला. या वेळी त्याला कुणी "मग कधी?" असं विचारलं नाही.

"होता का हा?" वडिलांनी आईला विचारलं.

"एकदा ऐकून सांगायला मी काय तुमच्यासारखी आहे?"

रविवारी गॅरेज बंद असतं. सबुरी सोमवारी नऊला उघडेल. नंबर एक आईने अजून ऐकलेला नाही, नंबर दोन तिला पुन्हा ऐकायचा आहे, आणि दोन सायलेन्सर त्याच संध्याकाळी सहाच्या आत परत जायचे आहेत. वडिलांची तपासणी मंगळवारी अकराला आहे. रविवारी दुपारपर्यंत गाडीवर नंबर दोन आहे आणि वहीतल्या आईच्या रकान्यात नंबर तीनसमोर एक नाही आहे, बाकी कोरं आहे.