बोबाच्या वाकड्या गोळ्या

मी एक जुनी पितळी परात आहे. मित्रांनो, माझा जन्म सांगलीच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. ऋजुताच्या लग्नात तिच्या आईने मला रुखवतात मांडले. तिचा नवरा अनिकेत चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रावर काम करीत असे, म्हणून मी चेन्नईला, तांबरमच्या त्यांच्या घरी आले. पुरणपोळीची कणीक, चकलीचे पीठ, सारे माझ्यातच मळले जाई. शेजारणी "कुठून आणली?" असे विचारत, तेव्हा मला फार बरे वाटे.

दोन वर्षांपूर्वी अनिकेतचा उजवा हात यंत्रात सापडला. बोटे वाचली, पण त्यांतली ताकद गेली. कप धरवेना, शर्टाचे बटण लागेना. तो दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राही. एग्मोरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या कनकाताई मूळच्या तंजावरकडच्या मराठी, बोलणेही तिकडचेच. त्या म्हणाल्या, "रोज लहान लहान गोळ्या वळा. बोटांला तेच औषध."

हे ऐकून त्यांची आठ वर्षांची मुलगी सावनी म्हणाली, "मग बाबा, तू बोबा कर ना! त्या चहातल्या काळ्या गोळ्या!"

अशी मी पुन्हा कामाला लागले. ऋजुता गूळ पाण्यात उकळून त्यात टॅपिओकाचे, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचे, पीठ घाली आणि गरम गोळा माझ्यात टाकी. तो ऊन असतानाच मळावा लागतो, गार झाला की त्याला भेगा पडतात. मग लांब वळ्या करायच्या, हरभऱ्याएवढे तुकडे कापायचे आणि एकेक तुकडा बोटांनी गोल करायचा. अनिकेतला एका गोळीला पाच मिनिटे लागत. कुठली चपटी होई, एखादीला टोक येई. दमला की तो गोळ्यांकडे न बघताच माझ्यावर ओले फडके टाकून आत जाऊन पडे.

पहिल्याच दिवशी ऋजुताने फडके उचलले. बराच वेळ ती बघत राहिली. मग खाली बसून तिने अगदी वाईट अशा चार-पाच गोळ्या पुन्हा वळल्या. दुसऱ्या दिवशी दहा. महिन्याभरात ती रोज दुपारी सगळ्याच वळू लागली.

संध्याकाळी गोळ्या शिजून गुळाच्या पाकात पडल्या की अनिकेत डाव्या हाताने पेला उजेडात धरी. "ऋजुता, बघ, कालच्यापेक्षा गोल झाल्यात ना?"

"हो रे. छान झाल्यात."

तो हसे. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणी हसत होते. खोटे कशाला सांगू, मलाही आनंद होई.

चौथ्या महिन्यात त्याने कारखान्याला कळवले, मी कामावर यायला तयार आहे. तो कामावर निघाला त्या सकाळी ऋजुता म्हणाली, "अजून महिनाभर थांब ना."

"आता कशाला? गोळ्या बघतेस ना तू?"

ती गॅसकडे वळली.

तो दुपारीच कारखान्यातून परत आला. ऋजुता सावनीला आणायला शाळेत गेली होती. त्याने एकट्याने पीठ शिजवले, मळले, गोळ्या वळल्या. आज त्याने वर फडके टाकले नाही. तो माझ्यासमोर नुसता बसून राहिला. मायलेकी आल्या तेव्हा गोळ्या सुकून तडकल्या होत्या. त्या पहिल्या दिवसाइतक्याच वाकड्या होत्या.

"त्यांनी मला बारीक स्क्रू बसवायला दिले," तो म्हणाला. "चार माणसं बघत होती. एकही धरता आला नाही. मग गोळ्या कोण वळत होतं, ऋजुता?"

"तुझा चेहरा बघवत नव्हता रे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

सावनीने विचारले, "आई, आज पाणी नाही ठेवायचं उकळायला?" अनिकेत ओरडला नाही. त्याने डाव्या हाताने मला उचलले आणि गोळ्या कचऱ्याच्या डब्यात ओतल्या.

नंतर कनकाताई घरी आल्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "दर वेळी मला गोल गोळ्याच दाखवल्यात. त्या वाकड्या दाखवल्या असत्या, तर मी तेव्हाच उपाय बदलला असता. आता बोटं आखडलीत." ऋजुता माझ्याशेजारी जमिनीवर बसून रडली. अनिकेत आतून बाहेर आला नाही.

आता तो कारखान्याच्या फाटकावर लोकांचे पास तपासतो. दोघे एकमेकांशी भाजी आणि दूध यापलीकडे बोलत नाहीत. मी त्याच्या नजरेस पडू नये म्हणून ऋजुताने मला गॅलरीत ठेवले आहे. एसीचे पाणी माझ्यावर ठिबकते, अंगावर हिरवे डाग चढले आहेत.

मित्रांनो, मला चिंच लावून घासा, अशी विनवणी मी करणार नाही. एवढेच मागते, की घरातल्या कुणाच्या हातून काम वाकडे झाले, तर ते वाकडेच राहू द्या आणि त्याच्या शेजारी बसा. "आज कसं झालं?" असे त्याने विचारले, तर खरे सांगा. मी सारे पाहत होते, पण परातीला बोलता येत नाही. तुम्हांला येते.