गेममध्ये अडकलेला ओंकार

अमावस्येची दुपार होती आणि पारनेरजवळच्या आमच्या वस्तीवर छबूबाईच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर लाल फडकं, फडक्यावर तिच्या पोराचा, ओंकारचा, हातात धरून खेळायचा जुना जनावरं पाळायचा व्हिडिओ गेम, पुढ्यात दहीभात. गेमला दहीभात चालतो की नाही, हे कंपनीनं कुठंच लिहिलेलं नाही.

ओंकार दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून छबूबाईला एकच घोर, पोराचं काय राहिलं? भुतंखेतं बघणाऱ्या गहिनीनाथ महाराजांच्या कानावर हे गेलं आणि पोराचा आत्मा त्यांना नेमका गेममध्ये सापडला.

"आधी गेमातल्या म्हाताऱ्याला भेटायचं," महाराज बटणं दाबत म्हणाले. "गुरूबिगर दर्शन न्हाई. मंग किनाऱ्यानं सात फेऱ्या."

सातव्या फेरीला गेमचा पडदा हलला आणि फाटक्या गोधडीच्या तुकड्यासारखं काहीतरी उभं राहिलं.

"आला!" महाराज गरजले.

"लई वाळलाय गं," दर्शनाला आलेल्या रतनबाईनं हात जोडले.

छबूबाई पडद्याशी तोंड नेऊन म्हणाली, "जेवलास का रं?"

"बोलंल," महाराज म्हणाले. "अजून पाच अमावस्या. आत्म्याला रेंज यायला येळ लागतो."

स्टँडवर मोबाईल दुरुस्त करणारा फैयाज, ओंकारचा शाळेपासूनचा दोस्त, त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. त्यानं खिशातून तसलाच गेम काढला.

"मावशी, मीबी फेऱ्या मारतो."

"तुला दीक्षा न्हाई," महाराज म्हणाले.

"सेल हायेत."

म्हातारा, किनारा, सात फेऱ्या. तसलीच गोधडी उभी राहिली.

"अगं बया! ह्यात कोन अडकलंय?" रतनबाई किंचाळली.

"ह्यात नाव माझं हाय, काकू. आन मी तर हितं बसलोय."

महाराजांनी क्षणभर डोळे मिटले. "तुझाबी अर्धा आत्मा गेलाय."

"मंग उरलेल्या अर्ध्याला च्या द्या," मागून कुणीतरी म्हणालं.

फैयाज हसला नाही. "मावशी, म्हातारा जनावर धरायला शिकवत असतो तेवढा येळ खेळणाऱ्याचं नाव गेम जनावरांच्या यादीच्या जागेवर ठेवतो. किनाऱ्यावर ती यादी बदलायची ऱ्हाऊन जाते. बनवणाऱ्याची चूक. मंग गेम नावाची अक्षरंच जनावर समजून वाचतो, आन असलं मोडकं चित्र येतं."

"म्हंजी ह्यो नुसता त्याच्या नावाचा चुरा?" छबूबाईनं विचारलं.

"व्हय."

"मंग त्याचं खरं काय हाय का ह्यात?"

फैयाजनं ओंकारचा गेम उघडला आणि एकेक यादी खाली सरकवत पाहिली. "सहा जनावरं पाळली हुती त्यानं. एकाचं नाव छबू ठिवलं हुतं, मला दावलं हुतं. आता समदी अक्षरं इस्कटल्यात. ते चित्र बोलावलं की आतलं साठवलेलं बिघडत जातं, मावशी. आठ अमावस्या झाल्या."

महाराज चपला शोधू लागले.

"खेळलेला येळ तेवढा ऱ्हायलाय," फैयाज म्हणाला. "दोनशे चौदा तास."

छबूबाईनं गेम पदराला पुसला. "रोज वरडायची मी त्याच्यावर. ठिव ते खाली, म्हनून."

चमत्कार दिसला, की तोच विधी जिवंत माणसाच्या नावानं करून बघा. यापलीकडे काही शास्त्र लागत नाही. आम्ही शेजारी आठ महिने गालातल्या गालात हसत होतो. पोराच्या हातचं जे खरं उरलं होतं, ते त्या हसण्यानं वाचलं नाही. म्हणून हसू नका, विचारा. आणि वेळेत विचारा.