अठ्ठेचाळीस सॉकेट

जोतिरामला हिरवा आणि तपकिरी एकच दिसायचे. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं वाढताना ते कधी कळलं नाही. घरातली लोकर काळी नाहीतर पांढरी. कळलं ते सोलापुरात, ऑफिसांतून कॉम्प्युटरच्या केबली टाकायच्या कामाला लागल्यावर. केबलच्या पोटात आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, जोडीजोडीला आपला रंग. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच लागतो. चुकला, की नेट बंद.

निळी-नारिंगी तो कशीबशी ओळखी. उरलेल्या दोन जोड्यांना बोटं धावून आली. आईच्या टकळीवरचं सूत लहानपणी चिमटीत धरलेली बोटं ती. दोन्हींचा पीळ सारखा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ताडलं. नव्या कंपनीच्या केबलचा डबा उघडला, की मात्र खात्रीसाठी एकदा सोमशेखरला हळूच विचारायचं. अक्कलकोटचा सोमशेखर, चार वर्षांचा जोडीदार. हे गुपित त्या एकालाच ठाऊक.

होटगी रोडवरच्या नव्या ऑफिसाचं काम निघालं, तेव्हा ठेकेदार आण्णा म्हणाले, "हितं कायमचा एक माणूस ठेवणार हायती. तुमच्यातला ज्याचं काम साफ, त्याचं नाव देतो."

सगळ्या केबली जिथं एकत्र येतात, त्या रॅकमधली टोकं सोमशेखरनं बसवली. भिंतींतले अठ्ठेचाळीस सॉकेट जोतिरामच्या वाट्याला आले. त्यानं नवा डबा फोडला.

"सोम्या, ह्यातली हिरवी कंची?"

"सैल पिळाची."

बोटं थबकली. आजवर सैल ती तपकिरीच निघाली होती. "नीट बघ की."

"बघूनच सांगतोय की. माझ्यावर भरवसा न्हाय व्हय?"

होता. दोन दिवस मान खाली घालून त्यानं अठ्ठेचाळीस सॉकेट जोडले, आणि एकेक झाकण तळहातानं दाबून बसवलं, लेकराला थोपटावं तसं.

तिसऱ्या दिवशी तपासणी. मॅनेजर महेश्वरी मॅडम आणि आण्णा उभे होते. टेस्टर सोमशेखरच्या हाती, त्याला तारेगणिक एक असे आठ दिवे. पहिल्याच सॉकेटला तिसऱ्या दिव्याऐवजी सातवा पेटला. दुसऱ्याला तेच. दहाव्यालाही तेच.

"हे काय रं, जोत्या?" आण्णांचा आवाज चढला.

जोतिरामनं सोमशेखरकडं बघितलं. "ह्यानंच सांगितलं हुतं मला..."

"काय सांगितलं?" सोमशेखर गोड हसला. "रंग? तुला रंग दिसत न्हाईत व्हय? सांग की आण्णास्नी."

मॅडमनं जमिनीवर पडलेले तारांचे दोन तुकडे उचलले. त्यांचा पीळ उलगडून गेला होता. "हिरवी कुठली?"

कामं सोडून पाच-सहा कारकून जमले. जोतिरामनं दोन्ही तुकडे बोटांत फिरवले, पुन्हा फिरवले. सरळ तारेला बोटं काय विचारणार? त्यानं एक पुढं केला. कुणीतरी फिसकन हसलं.

"आंधळ्याला तारा दिल्या मी," आण्णा म्हणाले. "मॅडम, सोमशेखरचं नाव लिवा. आणि जोत्या, सगळे सॉकेट उकल. आजच्या आज परत जोड. सोमशेखर रंग सांगंल."

सोमशेखरनं फिरती खुर्ची ओढली, चहा मागवला. दोन सॉकेट झाल्यावर जोतिराम हिरवी-तपकिरीची अदलाबदल स्वतःच करू लागला. आता बोटांना सगळं ठाऊक होतं.

"थांब. मी बोलल्याबिगर हात लावायचा न्हाय. ही तपकिरी. म्हण."

"सोम्या..."

"आण्णास्नी बोलवू?"

"तपकिरी," जोतिराम म्हणाला.

"मागं ऐकू गेलं न्हाय. मोठ्यानं."

"तपकिरी."

"शाब्बास. आता ही?"

कारकून खुर्च्या वळवून बसले होते. पंचेचाळीस सॉकेट अजून बाकी होते.