तलवारींचा मथळा

लालासाहेब अण्णांना मथळ्यात तलवारी हव्या होत्या.

अण्णा विट्यातल्या गलाईवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष. सोनं गाळायची दुकानं टाकून विट्याची माणसं कोईमतूरपासून कटकपर्यंत पसरलेली. त्या सगळ्यांचे पत्ते आणि फोन एका वेबसाइटवर आणायचे, असं एकोणीसशे नव्याण्णव साली त्यांच्या मनानं घेतलं. काम माझ्याकडं आलं, कारण गावात ते येणारी मी एकटीच. मला कुणी शिकवलेलं नाही. डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवता जुळवता शिकले. साइट नीट चालली तर आम्रपालीला, म्हणजे मला, ऑफिसात कायमची नोकरी, असं अण्णांनी चार माणसांत सांगितलं होतं. आमच्या बौद्धवस्तीतलं कुणी त्या ऑफिसात पाणी प्यायलाही बसलं नव्हतं.

पत्ते इंग्रजीत, मथळे तेवढे मराठीत: वर संघाचं नाव, खाली एकेका गावाचं; गावाच्या नावावर क्लिक केलं की तिथले पत्ते उघडायचे. दुकानातल्या सीडीवर एक फॉन्ट होता. प्रत्येक अक्षराची वरची रेघ म्हणजे तलवार. अण्णांनी स्क्रीनला बोट लावलं. "ह्यो."

"अण्णा, ह्यो फॉन्ट फकस्त आपल्या कॉम्प्युटरवर हाय. दुसरीकडं नुसता अक्षरांचा चुरा दिसंल."

"आपल्यात दिसतोय न्हवं?"

"आपल्यात दिसतोय."

"मग झालं."

विट्यातली लाइन सारखी तुटायची, म्हणून सांगलीला जाऊन मी साइट चढवली. तिसऱ्या दिवशी कोईमतूरहून कृष्णातचा फोन. त्याचं तिथं गलाईचं दुकान. सायबर कॅफेत अर्धा तास बसून आला होता.

"ताई, वर डॉलर हाय, मग टक्का, मग टोपी घातलेला ए. म्या म्हटलं तमिळ असंल. कॅफेवाल्याला दावलं. त्यो म्हनतोय, आमचं न्हाई, तुमचंच असंल."

मदुराईहून तेच, कटकहून तेच. अण्णांनी कार्यकारिणी बोलावली. ठराव झाला: फॉन्ट बदलायचा नाही, फॉन्ट पाठवायचा. चाळीस गावांना चाळीस फ्लॉप्या. घरची चटणी ज्या गाड्यांनी दुकानांवर जाते, त्याच गाड्यांनी, डब्यांबरोबर. एकानंही विरोध केला नाही. चहा झाला.

आठवड्यानं कृष्णात म्हणाला, "कॅफेवाला भायेरची फ्लॉपी घालू देत न्हाई. व्हायरस म्हनतोय. चटनी मिळाली."

मग मी कुणाला न विचारता सांगली गाठली आणि सगळे मथळे साध्या इंग्रजी अक्षरांत केले. टाइम्स फॉन्ट. तो नव्या कॉम्प्युटरबरोबरच येतो, कुणी पाठवावा लागत नाही. मराठीचं प्रेम मला अण्णांपेक्षा कमी नाही. अक्षरांची चित्रं करूनही टाकली असती, पण कॅफेतल्या फोनच्या लाइनवर चाळीस चित्रं उतरेपर्यंत कृष्णातचा अर्धा तास संपला असता.

"आता झटक्यात दिसलं!" कृष्णात ओरडलाच. "मदुराईचा नंबर घेतला, दाजीला फोनबी लावला."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर नेमणुकीचं पत्र, सही केलेलं.

"तलवारी घाल परत, आन् ह्ये घिऊन जा."

"आवं अण्णा, मग कुनालाच वाचता येनार न्हाई."

"वाचायला कोन सांगतंय? संघाची शान हाय ती."

"मग मी हितं बसून करू काय?"

"बसायचं. पंख्याखाली. तुमच्यातल्या कितीजनी बसल्यात आशा?"

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. उपकार म्हणून म्हटलं. मला जास्त झोंबलं ते तेच.

मी पत्र उलटं केलं, पाठीमागं साइटचा पासवर्ड लिहिला आणि त्यांच्याकडं सरकवलं. "ह्ये तुमचं. पंखाबी तुमचाच."

चार दिवसांत अण्णांचा पुतण्या वीरधवल त्या खुर्चीत बसला. त्यानं तलवारी परत घातल्या. विट्यात साइट झकास दिसते. कृष्णातला कुणाचा नंबर हवा असला की तो डीटीपीच्या दुकानात फोन करतो. तो फॉन्ट तिथं आहेच. मी वाचून सांगते.