जिन्यात भरलेले फॉर्म

मी एक जुना पॅड आहे, मित्रांनो. तुम्ही परीक्षेला नेता ना, तसलाच. आमची कंपनी नवी वस्तू बाजारात आणण्याआधी काही घरांत फुकट वापरायला देते आणि मग 'कशी वाटली?' असे विचारायला माणूस पाठवते. त्याचे फॉर्म माझ्या क्लिपमध्ये अडकवलेले असतात.

स्वभावाने मी संशयी. त्याला कारणही आहे. मी ज्याच्या हाती पहिल्यांदा पडलो, त्या आळशी गृहस्थाने एका बाकावर बसून साठ घरांची मते स्वतःच लिहून काढली होती. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते. म्हणून पुढे कंपनीच्या पाहणीचे काम करणाऱ्या एका ताईंच्या हाती आलो तेव्हा मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होतो.

भांडी घासायच्या नव्या पावडरीची पाहणी होती. दार आले की ताई मला पिशवीत कोंबत आणि अर्ध्या तासाने जिन्याच्या पायरीवर बसून भराभर फॉर्म भरत. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. समोर माणूस नाही आणि उत्तरे मात्र पानभर! नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होते.

एकदा पिशवीची चेन उघडी राहिली. पाहतो तर ताई एका वहिनींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याबरोबर कढई घासत होत्या.

"खरं सांगू का?" वहिनी म्हणाल्या, "भांडी लखलखतात हो, पण हात बघा माझे. दिवसभर नुसती आग आग होते."

"मग मागे आमचा माणूस आला होता, त्याला का नाही सांगितलंत?"

"पॅड घेऊन कुणी समोर बसलं की तोंडातून 'छान'च निघतं. उगाच कशाला दुखवायचं कुणाला?"

मी पुरता खजील झालो. माझ्यासमोर लोक तोंडदेखले बोलतात, म्हणून ताई मला लपवत होत्या.

पण जो संशय मला, तोच ऑफिसातल्या साहेबांना. "सगळं एका बैठकीत लिहिलेलं दिसतंय," ते म्हणाले. "चाळीसातल्या एकतीस घरी हात जळजळतात? घरात जाता की जिन्यात बसून ठोकून देता?"

"लिहिते जिन्यात, पण विचारून," ताई म्हणाल्या. "हा वहिनींचा नंबर. लावा फोन."

साहेबांनी सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावला. मला हायसे वाटले.

"कंपनीतून बोलतोय. आमची पावडर कशी वाटली?"

"अय्या, छान आहे की! काहीच तक्रार नाही."

ताईंना त्याच दिवशी कामावरून काढले. मी टेबलावरच होतो. सगळे ठाऊक असून एक शब्द बोलू शकलो नाही, याचे मला आजही फार वाईट वाटते.

पावडर आता दुकानादुकानांत आहे. नवा माणूस मला छातीशी धरून घरोघर जातो आणि माझ्यावरचे सगळे फॉर्म 'छान'ने भरतात. माझा एकावरही विश्वास नाही. मित्रांनो, तुम्हीही ठेवू नका. तुमच्या घरी भांडी कोण घासते, त्यांचे हात आज एकदा हातात घेऊन पाहा. आणि कुणी विचारायला आले, तर त्या हातांना विचारून उत्तर द्या.