सात नंबरचं वाचन

"सात नंबर, वाचा," बाईंनी स्टुडिओत आवाज पोचवणारं बटण दाबून सांगितलं.

निवेदकांची आवाज चाचणी चालू होती. रेडिओ केंद्राची जुनी पद्धत अशी, की स्टुडिओच्या काचेवर पडदा ओढायचा. परीक्षकांना नाव नाही, चेहरा नाही. फक्त नंबर आणि आवाज.

पडद्यापलीकडे कोणीतरी श्वास घेतला आणि बाईंची पेन्सिल थांबली. खर्जसाहेब. त्यांच्या बातम्या लागल्या की एकेकाळी अख्खं गाव घड्याळ लावायचं. निवृत्तांनाही परत यायचं तर पुन्हा चाचणी, हा नियम त्यांनीच केलेला.

तीस वर्षांपूर्वी परीक्षकाच्या खुर्चीत साहेब होते आणि पडद्यामागे बाई, बावीसच्या, घरी न सांगता आलेल्या. दोन ओळी वाचतात न वाचतात तोच "पुरे" आलं. बटण सोडायला मात्र साहेब विसरले.

"हिला रेडिओवर कशाला? रेल्वे स्टेशनवर उभी करा, इंजिनाला शिट्टी लागायची नाही."

पाठोपाठ चौघांचं हसणं. स्टुडिओत एकट्या बसून बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. पुढे सहा वर्षं त्यांनी माइकचं नाव काढलं नाही. घरात मोठ्यानं पेपर वाचायच्यासुद्धा बंद झाल्या.

आता सात नंबरचा आवाज पार चिरकला होता.

"आजोबा दमले वाटतं," शेजारचा तरुण इंजिनिअर म्हणाला. "थांबवू का, बाई?"

"थांब जरा." बाईंनी बटणावर बोट ठेवलं आणि नीट दाबलं. "तुला कसा वाटला?"

"माझं काय विचारता? तुम्हीच सांगा."

"फुटका भोंगा आहे नुसता. याला रेल्वे स्टेशनवरसुद्धा कोणी उभं करायचं नाही."

इंजिनिअर हसला. मग त्याचं लक्ष बाईंच्या बोटाकडे गेलं.

"बाई, बटण..."

"माहितीये."

पलीकडे वाचन थांबलं. बाईंनी बोट उचललं आणि कान देऊन बसल्या. तीस वर्षांत हा क्षण त्यांनी शंभरदा रंगवला होता. त्यांना हुंदका हवा होता. निदान एक अडखळलेला शब्द.

वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं. त्याच चिरक्या आवाजात हवामान झालं, तापमान झालं. एकही शब्द घाईनं उरकलेला नाही, एकही विराम गाळलेला नाही. बातम्या संपल्या.

बाईंनी 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली.

पडद्यामागे पानं एकेक करून, न वाजवता, बाजूला ठेवली गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. माइकला ऐकू जाऊ नये म्हणून ती उचलून मागे ठेवली गेली होती.